कुस्करलेला बटाटा : स्कॉटलंडचा आणि आपल्या घरचा

औषधांची चिठ्ठी हातात पडली की रुग्णाबरोबर आलेले माणूस दारापर्यंत जाते, थबकते आणि मागे वळून विचारते, "डॉक्टर, खायला काय द्यायचं?" भोंगवली, किकवी, कापूरहोळ या पट्ट्यात इतकी वर्षे दवाखाना चालवताना हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कोणताही ऐकला नसेल. गोळ्या किती वेळा घ्यायच्या हे एकदा सांगितले की लक्षात राहते, खाण्याचे मात्र राहत नाही. त्याचे कारण असे की आपल्याकडे आजारी माणसाचे जेवण म्हणजे पेज, चहा-बिस्कीट, दूध-पाव आणि फार तर मऊ भात एवढेच ठरून गेले आहे. चार दिवसांच्या तापाला हे चालते. पण कवळी नसलेले आजोबा, नुकत्याच दाढा काढलेल्या काकू, किंवा पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणारा रुग्ण यांना महिनोन् महिने मऊ जेवण लागते, आणि तेव्हा चहा-बिस्किटावर माणूस खंगत जातो.

म्हणून आज एका अगदी साध्या पदार्थाविषयी लिहितो. बटाटा उकडून, कुस्करून, त्यात गरम दूध आणि लोणी घालून केलेला हा पदार्थ स्कॉटलंडमध्ये रोजच्या जेवणात असतो. वाचकांपैकी काही म्हणतील, आता डॉक्टर स्कॉटलंडला निघाले! तसे नाही. आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी मुलीकडे एडिंबरोला तीन महिने राहून आले. जाण्याआधी त्यांच्या वरच्या सगळ्या दाढा काढलेल्या होत्या आणि कवळी अजून बसवायची होती. परत आले ते दोन किलो वजन वाढवून. "तिकडे थंडी, त्यात दात नाहीत, आणि तरी वजन वाढलं कसं?" असे विचारल्यावर त्यांनी हा बटाट्याचा प्रकार सांगितला. मग आम्ही घरी तो दोन-चारदा करून पाहिला. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की फोडणी नसलेल्या बटाट्याला पदार्थ म्हणणे हेच जरा धाडसाचे आहे. पण पातेले रिकामे झाले, हेही खरे.

स्कॉटलंड आपल्याला अगदीच परके नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप, हे दोघेही स्कॉटलंडचे. थंड, पावसाळी, डोंगराळ देश. तिथे ओट आणि बटाटा यांवर गरिबांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या. बटाट्याला तिथल्या बोलीत 'टॅटी' म्हणतात आणि कुस्करलेल्या बटाट्याला 'चॅम्पिट टॅटीज'. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा लाडका कवी. त्याचा जन्म २५ जानेवारी १७५९ चा. दर वर्षी २५ जानेवारीला त्याच्या नावाने जेवणावळी होतात, त्यात मांसाच्या एका पारंपरिक पदार्थाबरोबर कुस्करलेला बटाटा आणि कुस्करलेला पिवळसर सलगम हे दोन ढीग ताटात शेजारी शेजारी वाढतात. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर हे दोन्ही एकत्र कुस्करतात, त्याला 'क्लॅपशॉट' म्हणतात.

बटाटा ना त्यांचा, ना आपला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमुळे आला आणि नावही त्यांचेच घेऊन आला. पोर्तुगीज 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा, पण आपण तो उचलून या नव्या कंदाला चिकटवला. पुढे या परदेशी पाहुण्याला आपण थेट एकादशीच्या फराळात बसवले. आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि वेफर्स-किसासाठी तळेगावचा बटाटा आमच्या आईच्या पिढीपासून मागून घेतला जातो.

या कंदाचे एक वैद्यकीय महत्त्व सांगण्यासारखे आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये आणि १८४६ पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्यावर रोग पडला. आपले शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात तोच. शेतेच्या शेते काळी पडली. उपासमार तर झालीच, पण १८४६-४७ मध्ये तिथल्या डॉक्टरांना एक जुना आजार पुन्हा दिसू लागला, तो स्कर्व्ही. हिरड्या सुजणे, त्यातून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे. हा 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. गरिबांच्या जेवणात लिंबू-संत्रे नव्हतेच. त्यांना 'क' जीवनसत्त्व मिळत होते ते बटाट्यातून, आणि बटाटा गेल्यावर तेही गेले. त्या काळी जीवनसत्त्व हा शब्दही नव्हता. बटाटा म्हणजे नुसता पिठूळ गोळा, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण १७ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. उकडताना त्यातले काही जाते, सालासकट उकडला तर कमी जाते.

आता कृती. चार माणसांना अर्धा किलो बटाटे, साधारण १०० मिलिलिटर दूध, ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे घरचे लोणी, चवीपुरते मीठ आणि मिरपूड. एवढेच साहित्य आहे, म्हणूनच बटाटा कोणता आणि तो कसा कुस्करायचा याला महत्त्व.

बटाटे दोन स्वभावाचे असतात. काही उकडल्यावर फुटतात, भुसभुशीत होतात, त्यांच्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी. काही उकडूनही चिकट आणि घट्ट राहतात, त्यांची रस्साभाजी छान होते, फोडी मोडत नाहीत. स्कॉटलंडचे लोक कुस्करण्यासाठी भुसभुशीत बटाटा शोधतात. 'गोल्डन वंडर' ही त्यांची शंभरएक वर्षांपूर्वीची जात त्यासाठीच नावाजलेली. आपल्या बाजारात जातीचे नाव विचारले तर भाजीवाला हसेल. म्हणून एक घरगुती युक्ती करावी. पाव वाटी मिठात पावणेतीन वाट्या पाणी घालून विरघळवावे आणि त्यात कच्च्या बटाट्याची एक फोड टाकावी. तळाशी गेली तर बटाटा भुसभुशीत, तरंगली तर चिकट. ज्यात पिष्ट जास्त तो जड, इतका साधा हिशेब आहे. अगदी नवा, नखाने साल निघणारा बटाटा सहसा चिकट निघतो, तो भाजीला ठेवावा.

बटाटे सोलून सारख्या आकाराचे, सुपारीपेक्षा मोठे असे तुकडे करावेत आणि गार पाण्यात घालून मग गॅसवर ठेवावे. उकळत्या पाण्यात एकदम टाकले तर बाहेरून गाळ होतो आणि आत कच्चे राहते. उकळी आल्यावर १५ ते २० मिनिटांत सुरी सहज आत जाते. कुकरमध्ये करायचे तर आख्खे, सालासकट बटाटे नेहमीसारखे उकडावेत आणि गरम असतानाच सोलावेत. जीवनसत्त्वाच्या दृष्टीने मला हीच रीत आवडते. फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ती चालत नाही, त्याविषयी पुढे लिहितो.

पाणी पूर्ण निथळून टाकल्यावर तेच पातेले मिनिट-दोन मिनिटे मंद आचेवर ठेवून हलवावे. तुकड्यांवरचे पाणी उडते, कडा पांढऱ्या पिठूळ दिसू लागतात. ही पायरी आपल्याकडे कोणी करत नाही, पण पाणचट आणि हलका यातला सगळा फरक इथेच पडतो.

कुस्करायला मिक्सर मुळीच वापरू नये. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत पिष्टाचे फुगलेले कण भरलेले असतात. हलक्या हाताने कुस्करले तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि लगदा भुरभुरीत राहतो. मिक्सरचे पाते फिरले की पेशी फुटतात, आतले पिष्ट बाहेर येते आणि पुस्तकांना लावायची खळ तयार होते. या खळीचा धोका कुणाला, तेही पुढे येईलच. पावभाजीचा मॅशर चालतो. पण आपल्या प्रत्येक घरात याहून चांगले साधन आहे आणि ते वर्षातून दोनदा, होळीला आणि पोळ्याला, बाहेर निघते. ते म्हणजे पुरणयंत्र. गरम बटाटा बारीक जाळीच्या पुरणयंत्रातून एकदा काढला की एकही गुठळी राहत नाही आणि पेशीही फुटत नाहीत. परदेशी दुकानांत यासाठी वेगळे यंत्र विकतात म्हणे!

मग आधी लोणी मिसळावे, नंतर दूध. दूध गरमच हवे. मिठाचा आणि मिरपुडीचा हात हलका ठेवून, लाकडी चमच्याने जेमतेम एकजीव होईपर्यंत ढवळावे आणि थांबावे. पातीचा कांदा बारीक चिरून घातला तर चव खुलते. स्कॉटलंडच्या पिवळ्या सलगमाऐवजी आपल्याकडे लाल भोपळा किंवा गाजर उकडून, कुस्करून शेजारी वाढावे. रंगही साधारण तोच येतो आणि बटाट्यात नसलेले 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्यही मिळते.

आता हा लेख ज्यासाठी लिहायला घेतला ती गोष्ट.

आमच्या भागात पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. असेच एक आजोबा, वय सत्तरीच्या पुढे, पुण्याच्या रुग्णालयातून घरी आले. उजवी बाजू गेलेली, बोलणे अडखळत. चार-पाच दिवसांनी सून सांगत आली, "मामंजींना पेज पाजली की ठसका लागतो. जेवण तर जातच नाही, म्हणून पेज अजून पातळ केलीय." घरी जाऊन पाहिले. आजोबा उशीला टेकून अर्धे आडवे होते आणि सून वाटीने पेज तोंडात ओतत होती. प्रत्येक दोन घोटांनंतर ठसका. आवाज ओला, जणू घशात पाणी साठले आहे. छातीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खाली खरखर, अंगात ताप. पेज अन्ननलिकेऐवजी थोडी थोडी श्वासनलिकेत जात होती आणि न्यूमोनिया झाला होता. पुन्हा पुण्याला हलवावे लागले, नऊ दिवस रुग्णालयात काढले. बरे झाले, हे नशीब म्हणायचे.

त्या सुनेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. जीव तोडून सेवा करत होती. गिळायला त्रास होतो म्हणजे अन्न पातळ करावे, असे कुणालाही वाटेल. पण गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्यावर सर्वांत अवघड जाते ते पाणी आणि पाण्यासारखे पातळ पदार्थ. पाणी वेगाने वाहते, आणि घशातली झडप बंद व्हायच्या आत ते चुकीच्या नळीत शिरते. त्यामानाने घट्टसर, गुळगुळीत, एकजीव घास हळू सरकतो आणि झडपेला वेळ मिळतो. म्हणून अशा रुग्णांपैकी अनेकांना कुस्करलेला बटाटा पेजेपेक्षा सुरक्षित ठरतो. पण तो नीट केलेला हवा. कोरडा, गुठळ्यांचा बटाटा घशात अडकतो. मिक्सरमधला खळीसारखा चिकट बटाटा टाळ्याला चिकटतो, आणि तो जास्त धोक्याचा.

परीक्षा सोपी आहे. चमचा भरून घ्यावा आणि वाकडा करावा. घास आकार न सोडता सहज घसरून पडला पाहिजे आणि चमच्याला फारसे काही चिकटून राहता कामा नये. पडतच नसेल तर थोडे गरम दूध वाढवा, ओघळून जात असेल तर बटाटा वाढवा. दूध वेगळे सुटून कडेला आले तर तेही नको, कारण ते पातळ दूधच आधी घशात जाते. पातीचा कांदा, मिरीचे दाणे, कोथिंबीर असे काहीही या रुग्णाच्या वाटीत घालू नये.

भरवताना रुग्णाला खुर्चीत किंवा पलंगावर पाठीमागे आधार देऊन सरळ बसवावे. मान मागे टाकू नये, हनुवटी किंचित छातीकडे असावी. म्हणून भरवणाऱ्यानेही समोर, त्याच उंचीवर बसावे. उभे राहून भरवले की रुग्ण आपोआप मान वर करतो. अर्धा चमचा घास, तोही चांगल्या बाजूच्या गालात. गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास नाही. झापड असलेल्या माणसाला भरवू नये, जागा होईपर्यंत थांबावे. मध्ये गप्पा मारून त्याला बोलते करू नये, आणि दूरदर्शनवरची मालिका तेवढा वेळ बंद ठेवावी. जेवण झाल्यावर तोंडात, विशेषतः दुबळ्या बाजूच्या गालात काही उरले आहे का ते बोटाला फडके गुंडाळून पाहावे आणि तोंड स्वच्छ करावे. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये.

खाताना किंवा खाल्ल्यावर ठसका लागणे, आवाज ओला होणे, धाप लागणे, दुसऱ्या दिवशी ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर तोंडाने देणे थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. काही रुग्णांना ठसकाही येत नाही आणि अन्न मात्र फुफ्फुसात जात राहते. म्हणून पक्षाघातानंतर तोंडाने काहीही सुरू करण्याआधी गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे रुग्णालयातून निघतानाच विचारून घ्यावे. नाकातून नळी ठेवा असे सांगितले असेल तर 'नळीने माणूस जगत नाही' असे कुणी शेजाऱ्याने म्हटले म्हणून ती काढून टाकू नये.

ते आजोबा दुसऱ्यांदा घरी आले तेव्हा आम्ही ठरवून बटाटा, मऊ शिजवून गाळलेले मुगाचे घट्ट वरण आणि लाल भोपळा या तीन गोष्टींवर त्यांना ठेवले. सुनेने पुरणयंत्र मांडणीवरून काढले ते पुन्हा वर ठेवलेच नाही. दोन महिन्यांत ते मऊ भात आणि उकडलेल्या अंड्यावर आले. सगळ्यांचे असे होते असे नाही, पण ज्यांचे होऊ शकते त्यांचे पेजेमुळे बिघडू नये.

इथे एक हिशेब मांडतो. वर दिलेल्या प्रमाणात केलेला बटाटा चौघांत वाटला तर प्रत्येकाला साधारण २०० कॅलरी मिळतात. ऊर्जा बरी झाली. पण प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे नुसत्या बटाट्यावर ठेवलेला रुग्ण जाडही दिसेल आणि त्याचे स्नायू झडतही राहतील. पाठीला पडलेल्या जखमा भरणार नाहीत. म्हणून बटाट्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर मिसळावी, किंवा शेजारी घट्ट वरण, कुस्करलेले पनीर, दही असावे. अंडे चालत असेल तर उत्तम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

लहान बाळांचेही थोडक्यात सांगतो. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करायचे, आणि कुस्करलेला बटाटा ही चांगली सुरुवात आहे. बाळासाठी मात्र मीठ, साखर, मिरपूड काही नको. गाई-म्हशीच्या दुधाऐवजी आईचेच थोडे दूध काढून किंवा वरणाचे पाणी घालून तो मऊ करावा, वर पाव चमचा साजूक तूप. बटाट्यात लोह फार कमी असते आणि सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची शिल्लक संपत येते. तेव्हा रोज बटाटाच न देता डाळ, पालेभाजी, अंड्याचा नीट शिजवलेला बलक हेही यायला हवे. बाळ गुटगुटीत आहे म्हणून त्याचे रक्त चांगले आहे असे समजू नये.

"बटाटा वातूळ, गुडघे धरतात," असे आमच्याकडच्या आजीबाई ठामपणे सांगतात. बटाटा खाल्ल्याने गुडघ्याची झीज होते याला आधार नाही. पोटात गॅस होणे हे बरेचदा बटाट्यापेक्षा तो ज्या तेलात तळला त्या तेलामुळे असते. बाळंतिणीला चाळीस दिवस बटाटा बंद करण्याचेही काही कारण मला दिसत नाही. मात्र एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स आणि रात्री पुन्हा तेच, याला आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते उगाच नाही. मधुमेह असणाऱ्यांची साखर मी द्वादशीला तपासतो तेव्हा उपवास कसा झाला हे त्यांनी सांगावे लागत नाही.

मधुमेहींनी बटाटा अजिबात खाऊ नये का? खावा, पण बदल्यात खावा. शंभर ग्रॅमच्या मध्यम बटाट्यात साधारण २२ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे एका लहान पोळीइतके. तेव्हा बटाटा एक, तर पोळी एक कमी. आपली खोड अशी की पोळीबरोबर भाजी म्हणून बटाटा, वर भात. ही एकाच पदार्थाची तीन रूपे झाली. शिवाय कुस्करलेला बटाटा आख्ख्या फोडींपेक्षा लवकर पचतो आणि साखर झपाट्याने वाढवतो. बरोबर डाळ, दही, पालेभाजी असेल तर हा वेग थोडा कमी होतो. ज्यांना दात आहेत अशा मधुमेहींनी कुस्करण्यापेक्षा फोडीच चावून खाव्यात.

रक्तदाब असणाऱ्यांना बटाट्याचा त्रास नाही, त्यातल्या मिठाचा आहे. लोणी बिनमिठाचे घरचे घ्यावे. पिवळ्या वेष्टनातल्या विकतच्या लोण्यात मीठ असतेच, त्यावर पुन्हा मीठ घालू नये. हृदयविकार असेल तर लोण्याचा चमचा एकावर आणावा आणि दूध साय काढलेले वापरावे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी. डायलिसिसवर असलेले रुग्ण आता आपल्या गावागावांत आहेत. बटाट्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे त्यांनी बटाटा सालासकट किंवा कुकरमध्ये न उकडता सोलून, अगदी लहान तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी फेकून द्यावे. याने पोटॅशियम साधारण निम्मे कमी होते. रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवल्याने फारसे काही होत नाही, तो समज चुकीचा आहे. एवढे करूनही प्रमाण किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि दुकानात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. ते या रुग्णांनी हातातही धरू नये.

हिरव्या बटाट्याविषयी. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो, डोळे फुटतात, आणि त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते. ते उकडून किंवा तळून जात नाही. स्कॉटलंडच्याच ग्लासगो शहरात १९१८ मध्ये असे खराब बटाटे खाऊन १८ घरांतली ६१ माणसे एकाच वेळी आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटात कळा, डोकेदुखी. बहुतेक सगळे दिवसभरात बरे झाले, पण पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. थोडा हिरवा भाग असेल तर खोल कापून टाकावा, जास्त हिरवा किंवा चवीला कडवट लागणारा बटाटा सरळ फेकावा. लहान मुलांच्या वाटीत तर असा बटाटा मुळीच जाऊ नये. शाळा-वसतिगृहांत पोत्याने बटाटा घेणाऱ्यांनी पोती उन्हात, उघडी ठेवू नयेत. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावीत. कच्चा बटाटा फ्रिजमध्येही ठेवू नये, तिथे त्यातल्या पिष्टाची साखर होऊन तो गोड लागतो आणि तळताना काळा पडतो.

कुस्करलेला बटाटा दूध घातलेला असल्यामुळे उन्हाळ्यात लवकर नासतो. दोन तासांच्या आत खावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा, आणि पुन्हा देताना वाफ येईपर्यंत गरम करावा. रुग्णाच्या उष्ट्या वाटीतला उरलेला परत पातेल्यात घालू नये. सकाळचा झाकून ठेवलेला संध्याकाळी बाळाला देऊ नये.

घरच्या इतरांसाठी उरलेल्या बटाट्याचे स्कॉटलंडचे लोक काय करतात तेही गुरुजींनी सांगितले. पाव किलो कुस्करलेल्या बटाट्यात साठएक ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी घालून मळतात, लाटतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून त्रिकोणी तुकडे करतात. आमच्याकडे मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ, जिरे आणि हिरवी मिरची घालून ते थापले गेले, आणि या वेळी सौभाग्यवतींची काही तक्रार नव्हती.